कंपनीत नोकरी, आणि कंपनीवरच्याच विकिपीडिया लेखात बदल: करावा का?

इंद्रायणीकाठ | १४ जुलै, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी एचआरमध्ये आहे, अकरा वर्षं झाली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कृपया विचारूही नका.

कंपनीवर इंग्रजी विकिपीडियात पाऊण पानाचा लेख आहे. त्यात पाच ओळी आमच्याकडच्या जुन्या संपाबद्दल आहेत. सोमवारी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. पुढच्या महिन्यात परदेशी ग्राहकाची माणसं प्लांट बघायला येणार आहेत आणि त्यांनी तो लेख आधीच वाचलाय. साहेब म्हणाले, "तू विकिपीडियावर लिहितोस ना? तो संपाचा परिच्छेद काढ आणि तिथं आपले क्वालिटीचे पुरस्कार घाल. दहा मिनिटांचं काम आहे."

लिहितो हे खरं. सात वर्षांपासून माझं खातं आहे. मावळातले किल्ले, भीमाशंकरचे पक्षी असं लिहितो. त्या खात्यावरून आजवर एक ओळ खोटी घातलेली नाही.

गुंता असा आहे की त्या पाच ओळींत एक चूक खरंच आहे. संप ७१ दिवस चालला असं लिहिलंय. करार झाला ४३व्या दिवशी. पहाटे अडीचला सह्या झाल्या तेव्हा मी त्याच खोलीत होतो, कराराच्या प्रती स्टेपल करत होतो. बाकीच्या ओळी मात्र बरोबर आहेत. गेटसमोरचा मांडव, साखळी उपोषण, निलंबित केलेली माणसं, सगळं झालं होतं.

चूक दुरुस्त करायचा मला हक्क आहे का? आणि साहेबांना काय सांगू?

बाळ्या_सनीव्हेल | १४ जुलै, रात्री १०:१५

पहिली गोष्ट, ऑफिसच्या लॅपटॉपवरून काहीही करू नका. बाकीचं जाणकार सांगतीलच.

धूळपाटी | १४ जुलै, रात्री ११:०५

मी दहा-बारा वर्षं मराठी आणि इंग्रजी दोन्हीकडे लिहितो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

यात दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे हितसंबंधांचा संघर्ष. ज्यात आपलं पोट, नातं किंवा मैत्री गुंतली आहे त्या विषयावर लिहिणं. इंग्रजी विकिपीडियाचं म्हणणं असं की अशा लेखाला थेट हात लावू नये, चर्चापानावर (प्रत्येक लेखासोबत चर्चेसाठी असलेल्या पानावर) विनंती करावी. दुसरी म्हणजे मोबदला घेऊन संपादन, आणि तिथं नुसता सल्ला नाही, अट आहे. १६ जून २०१४ पासून विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनच्या वापराच्या अटींतच आलं की मोबदला घेऊन लिहिणाऱ्याने मालक कोण, ग्राहक कोण आणि आणखी काय संबंध आहे हे उघड करायचं. सदस्य पानावर करा, लेखाच्या चर्चापानावर करा किंवा संपादनाच्या सारांशात करा, पण करायचंच.

"मला या कामाचे वेगळे पैसे मिळत नाहीत" ही पळवाट चालत नाही. साहेबांनी काम सांगितलं आणि तुम्ही ते नोकरीचा भाग म्हणून केलंत, की पगार हाच मोबदला. इंग्रजी विकिपीडियावर तर बिनपगारी इंटर्नलाही यात धरतात.

थेट काय करता येतं? कुणी लेखात शिवीगाळ केली असेल तर ती काढता येते, शुद्धलेखन सुधारता येतं. संपाचे दिवस ही वादाची बाब आहे, शुद्धलेखनाची नाही. तेव्हा चर्चापानावर नवा विभाग उघडा. आधी आपण कोण ते लिहा. मग आत्ताचं वाक्य जसंच्या तसं, त्याखाली तुम्हाला हवं ते वाक्य, त्याखाली संदर्भ. वर संपादन-विनंतीचा साचा (म्हणजे तयार खूण) लावला की ती विनंती इतर संपादकांच्या रांगेत जाते. कधी दोन दिवसांत कुणी बघतं, कधी महिने जातात.

आणि "मी त्या खोलीत होतो" हा संदर्भ धरला जात नाही. वर्तमानपत्राचं कात्रण शोधा.

रोखठोक | १५ जुलै, सकाळी ७:३०

मला हे पटत नाही. ज्याला कंपनीचा गेट कुठं आहे हे माहीत नाही तो टोपणनावाने काहीही लिहून जाणार, आणि ज्याने अकरा वर्षं तिथं घाम गाळला त्याने अर्ज करून रांगेत उभं राहायचं? प्रतिस्पर्धी कंपनीची माणसं खोट्या नावांनी बदल करत असतील तर त्यांना कोण विचारतंय? नाव सांगणारा अडकणार आणि लपणारा सुटणार. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली ही.

चूक दिसली, माहीत आहे, दुरुस्त करा आणि मोकळे व्हा. ७१ चे ४३ करण्यात कसला आलाय संघर्ष!

कृष्णाकाठची | १५ जुलै, सकाळी ९:१०

रोखठोक, स्थळाची चौकशी आपण मुलाच्या मामाकडे करतो का? मामा खोटारडा असतो म्हणून नाही. मामा सज्जनच असतो, पण भाच्याचं दारू पिणं त्याला "कधीतरी मित्रांसोबत" इतकंच दिसतं. म्हणून आपण शेजारच्या वाण्याला विचारतो. मामाने वाण्याचा पत्ता द्यावा, हिशेबाची वही दाखवावी. निकाल त्याने देऊ नये.

रोखठोक | १५ जुलै, सकाळी ९:४०

उदाहरण चांगलं आहे, पण वाणीही कधी उधारीवरून चिडलेला असतो.

धूळपाटी | १५ जुलै, सकाळी १०:००

बरोबर आहे. म्हणून एका वाण्याच्या शब्दावर लेख उभा राहत नाही. दोन-तीन स्वतंत्र ठिकाणी छापून आलेलं लागतं, आणि ज्याला आधार नाही ते वाक्य कुणीही "संदर्भ हवा" म्हणून खूण करू शकतं. तुमचा राग योग्य जागी आहे, लपून करणारे असतातच. पण ते कायमचे लपत नाहीत. लेखाच्या इतिहासात प्रत्येक बदल कुणी, कधी केला हे साठून राहतं. २००७ मध्ये व्हर्जिल ग्रिफिथ या अमेरिकेतल्या विद्यार्थ्याने विकिस्कॅनर नावाचं साधन बनवलं. खातं न उघडता केलेल्या बदलांचे आयपी पत्ते त्याने संस्थांच्या पत्त्यांशी जुळवले. डीबोल्ड या मतदान यंत्रं बनवणाऱ्या कंपनीच्या पत्त्यावरून त्याच यंत्रांवरच्या टीकेचे परिच्छेदच्या परिच्छेद काढलेले सापडले. मूळ टीका जितक्यांनी वाचली नसती तितक्यांनी ती काढल्याची बातमी वाचली.

आणि मोह सगळ्यांनाच होतो. विकिपीडियाचे सहसंस्थापक जिमी वेल्स यांनी स्वतःच २००५ मध्ये स्वतःवरच्या लेखात बदल केले होते, लॅरी सँगर यांचा सहसंस्थापक म्हणून असलेला उल्लेखही काढला होता. ते उघड झालं आणि त्यांना दिलगिरी व्यक्त करावी लागली.

सुगरण_मिरज | १५ जुलै, दुपारी २:२०

विषय थोडा वेगळा आहे, पण लिहिते. आमचा मसाल्यांचा छोटा कारखाना आहे, सासूबाईंनी उखळ-मुसळावर सुरू केलेला. तीन वर्षांपूर्वी एक ईमेल आला. तुमच्या ब्रँडचं विकिपीडिया पेज करून देतो, ४५ हजार. मला वाटलं सरकारी नोंदणीसारखं काहीतरी असेल, फी असणारच. पैसे भरले. आठवड्याभरात पान आलं. सासूबाईंचं नाव इंग्रजीत त्या जगप्रसिद्ध पांढऱ्या पानावर बघून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. यजमानांनी रंगीत प्रिंट काढून फ्रेम केली आणि दुकानात गल्ल्याच्या मागे लावली.

नवव्या दिवशी पान गायब. विचारलं तर त्याच माणसाचं उत्तर, पान वाचवायचं तर "संरक्षणाचे" आणखी २० हजार. तेव्हा उमजलं. पैसे गेले. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही. फ्रेम तिथंच आहे.

कृष्णाकाठची | १५ जुलै, दुपारी २:४५

ताई, वाचून पोटात तुटलं.

धूळपाटी | १५ जुलै, दुपारी ३:३०

ताई, तुमची काहीच चूक नाही. नेमकी हीच रीत मोठ्या प्रमाणावर चालायची. २०१५ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर ऑरेंजमूडी नावाचं प्रकरण उघड झालं. ज्यांचे लेख नाकारले गेलेत असे छोटे व्यावसायिक आणि कलाकार शोधायचे, पैसे घेऊन लेख चढवायचा, मग तो टिकवण्यासाठी पुन्हा पैसे मागायचे. ३८१ खाती बंद केली, २१० लेख काढले. त्याआधी २०१३ मध्ये विकी-पीआर नावाच्या अमेरिकन कंपनीशी जोडलेली अडीचशेच्या वर खाती बंद झाली होती.

इथं वाचणाऱ्या सगळ्यांसाठी लिहून ठेवतो. विकिपीडियावर लेख लिहायला, टिकवायला, दुरुस्त करायला पैसे लागत नाहीत. कुठल्याही प्रचालकाला (पान काढण्यासारखे जादा अधिकार असलेल्या संपादकाला) फी घ्यायचा अधिकार नाही. आणि लेख राहतो तो इतरांनी त्या विषयावर सविस्तर लिहिलं असेल तर. सासूबाईंच्या उखळ-मुसळाची गोष्ट एखाद्या चांगल्या मासिकात येऊ दे, मग पाया तयार होईल.

अनुजा_ठाणे | १५ जुलै, सायं. ६:१०

मी जनसंपर्काच्या क्षेत्रात आहे, म्हणजे आरोपीच्या पिंजऱ्यातली. ग्राहक आठवड्यातून एकदा तरी विचारतो, "विकी क्लीन करून द्याल का?" पूर्वी आमच्याकडेही सर्रास व्हायचं. माझ्या पहिल्या नोकरीत एका शिकाऊ मुलीला दिवसभर बसवून तीन खात्यांतून एका बिल्डरचा लेख लिहून घेतला होता. तिन्ही खाती चौथ्या दिवशी बंद. मुलगी रडत होती, तिला वाटलं पोलीस येतील.

जून २०१४ मध्ये जगातल्या अकरा मोठ्या जनसंपर्क कंपन्यांनी विकिपीडियाचे नियम पाळू असं जाहीर निवेदन काढलं. त्यानंतर मला तरी ग्राहकाला "नाही" म्हणणं सोपं झालं.

इंद्रायणीकाठ, साहेबांना नीती सांगत बसू नका, धोका सांगा. २०१९ मध्ये द नॉर्थ फेस या कपड्यांच्या ब्रँडच्या ब्राझीलमधल्या जाहिरात एजन्सीने पर्यटनस्थळांच्या लेखांतले फोटो बदलून आपले कपडे दिसतील असे फोटो घातले आणि वर त्याची फुशारकी मारणारा व्हिडिओ काढला. काही दिवसांतच फोटो काढले गेले आणि कंपनीला माफी मागावी लागली. साहेबांना इतकंच म्हणा: "सर, परिच्छेद उडवला तर कुणीतरी तासाभरात परत आणेल, आणि लेखाच्या डोक्यावर 'या लेखात हितसंबंध असलेल्या व्यक्तीने बदल केले आहेत' अशी पाटी लागेल. ग्राहक पाटीसकट वाचेल." हे वाक्य मी किमान वीस वेळा वापरलंय. चालतं.

मास्तर_खटाव | १५ जुलै, रात्री ८:४०

एक शंका. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. मराठी विकिपीडियावर आमच्या गावाचा लेख मीच लिहिला. मग मीही हितसंबंधवाला का?

धूळपाटी | १५ जुलै, रात्री ९:००

गावात राहणं हा संघर्ष नाही मास्तर, नाहीतर भारतातल्या एकाही गावावर लेख होणार नाही. शाळेवर लिहिताना जपा. सरपंच झालात तर गावच्या पाणीयोजनेवर लिहू नका :)

मराठीत हा प्रश्न जास्त नाजूक आहे. आपल्याकडे नियमित लिहिणारे थोडे. इंग्रजीत एखादं वाक्य खटकलं तर दहा जण धावतात. मराठीत एखाद्या साखर कारखान्यावरचा लेख त्याच्याच कार्यालयातल्या माणसाने लिहिला तर पुढची चार वर्षं तो तसाच राहू शकतो. पण तो लगेच ओळखू येतो. "मा. साहेबांच्या कुशल नेतृत्वाखाली संस्थेने उत्तुंग भरारी घेतली असून पंचक्रोशीत नावलौकिक मिळवला आहे." मी अशी वाक्यं काढतो तेव्हा खाली काय उरतं ते बघतो. बऱ्याचदा स्थापनेचं साल आणि गाळपक्षमता. तेवढं पुरतं, तो दोन ओळींचा लेख खरा असतो. ऊसदराच्या आंदोलनाचा उल्लेख त्यात कधीच सापडत नाही, तो बाहेरच्याने घालावा लागतो.

मास्तर_खटाव | १५ जुलै, रात्री ९:२०

"पंचक्रोशीत नावलौकिक" आमच्या गावाच्या लेखातही आहे. आत्ता काढतो.

वाचनवेडा | १५ जुलै, रात्री १०:३०

वाईच्या मराठी विश्वकोशात नोंदीखाली लेखकाचं आडनाव आणि आद्याक्षरं असतात. कारखान्यावरची नोंद कारखान्याच्या माणसाने लिहिली असती तर वाचकाला नावावरून अंदाज आला असता. विकिपीडियावर खाली सही नाही, इतिहासात टोपणनावं. म्हणून तिथं "मी अमुक ठिकाणी नोकरी करतो" हे सांगणं जास्त गरजेचं, असं मला वाटतं. सहीची जागा ते भरून काढतं.

गिरणगाव | १५ जुलै, रात्री ११:५५

दिवसभर वाचत होते, लिहू की नको करत.

माझे वडील गिरणीत होते, लालबागला. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांचा संप सुरू झाला तेव्हा मी सहा वर्षांची. सुमारे अडीच लाख कामगार होते. आईने मंगळसूत्राची वाटी मोडली, आम्ही दोघी बहिणी दोन वर्षं गावी आजीकडे राहिलो. तो संप किती दिवस चालला हे कुणी मला सांगू शकत नाही. गिरण्यांच्या दृष्टीने माणसं कामावर यायला लागली तेव्हा तो संपला. रीतसर मागे तर तो कधी घेतलाच नाही. वडील शेवटपर्यंत म्हणायचे, "माझा संप चालू आहे."

आमच्या घरातल्या त्या दोन वर्षांबद्दल कुठेही काही छापलेलं नाही. तुमच्या कंपनीतल्या माणसांना निदान पाच ओळी मिळाल्यात. त्यांच्या घरातलं कुणी उद्या शोधेल तेव्हा त्या तिथं असू द्या.

आणि एक विचारते, राग मानू नका. ४३ हा आकडा करार करणाऱ्यांच्या खोलीतला आहे. गेटबाहेरच्या माणसांना विचारलंत का?

इंद्रायणीकाठ | १६ जुलै, सकाळी ६:४५

राग कसला ताई. विचारलेलं नाही.

आज साहेबांशी बोलतो. अनुजाताईंचं वाक्य पाठ केलंय.

रोखठोक | १६ जुलै, सकाळी ८:००

गिरणगाव, तुमचा प्रतिसाद वाचून गप्प झालो. माझे मामा त्याच संपात होते.

बाळ्या_सनीव्हेल | २२ जुलै, रात्री ८:२०

काय झालं हो पुढे?

इंद्रायणीकाठ | ९ ऑगस्ट, रात्री १०:१०

उशीर झाला, क्षमस्व. आता सगळं सांगतो.

साहेब दहा मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पाटी लागणार असेल तर राहू दे. पण आकडा तरी बरोबर करून घे." पुरस्कारांचा विषय त्यांनीच सोडला, कारण ज्या संस्थेने दिले ती आमच्याकडून प्रवेश फी घेते हे त्यांनाही माहीत आहे.

मी माझ्या जुन्याच खात्यावरून, सदस्य पानावर कंपनीचं नाव आणि हुद्दा लिहिला. सात वर्षं नुसता किल्ल्यांचा माणूस होतो, ते लिहिताना हात जड झाला. मग चर्चापानावर विनंती टाकली. जुनं वाक्य, नवं वाक्य, आणि एका मराठी दैनिकाचं करार झाल्याच्या बातमीचं कात्रण.

अकराव्या दिवशी उत्तर आलं, कुणी अनोळखी संपादक. त्यांनी माझं कात्रण मान्य केलं. आणि त्याच दैनिकाची महिन्याभरानंतरची बातमी समोर ठेवली, जी मी कधी बघितलीच नव्हती. करार ४३व्या दिवशी झाला, पण दुसऱ्या पाळीच्या माणसांना टप्प्याटप्प्याने घेतलं. शेवटची तुकडी ७१व्या दिवशी आत आली.

रात्री बराच वेळ झोप लागली नाही. कारण त्या महिन्याचं मस्टर मीच भरत होतो. दुसऱ्या पाळीच्या पानावर चार आठवडे नावापुढे रिकामे चौकोन होते. हजेरीच्या रकान्यात काय लिहायचं म्हणून मी सुपरवायझरला विचारलं होतं, ते म्हणाले होते कोरं ठेव. हे सगळं मला माहीत होतं. तरी मनात आकडा राहिला तो ४३, कारण त्या दिवशी आमच्या खोलीत पेढे वाटले होते.

आता लेखात असं आहे: ४३व्या दिवशी करार झाला, सर्व कामगार ७१व्या दिवसापर्यंत कामावर परतले. दोन संदर्भ आहेत. परिच्छेद पाच ओळींचा सहा ओळी झाला. साहेबांना प्रिंट दाखवली. त्यांनी दोनदा वाचली आणि म्हणाले, "हं. असंच होतं."

गिरणगाव | ९ ऑगस्ट, रात्री १०:४०

धन्यवाद. मनापासून.

रोखठोक | १० ऑगस्ट, सकाळी ७:१५

मी "बदला आणि मोकळे व्हा" म्हणालो होतो. शब्द मागे घेतो.

धूळपाटी | १० ऑगस्ट, सकाळी ९:३०

इंद्रायणीकाठ, एक विचारतो. त्या लेखात एकही छायाचित्र नाही. संपाच्या वेळचं काही आहे का तुमच्याकडे?

इंद्रायणीकाठ | १० ऑगस्ट, दुपारी १:०५

आहे. गेटसमोरच्या मांडवाचा एक फोटो, माझ्याच जुन्या फोनवर, पाळी संपल्यावर बाहेर पडताना काढलेला. तो कंपनीच्या मालकीचा होतो का?

धूळपाटी | १० ऑगस्ट, दुपारी १:४०

कामाचा भाग म्हणून काढला असता तर प्रश्न होता. तुमच्या फोनवर, तुमच्या वेळात, तुमच्यासाठी काढला असेल तर हक्क तुमचा. विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या छायाचित्रांच्या साठ्यात, खुल्या परवान्याखाली (कुणालाही वापरता येईल असा) चढवा. फक्त लेखात तुम्ही घालू नका, चर्चापानावर दुवा द्या, दुसरं कुणी घालेल. आणि चेहरे स्पष्ट दिसत असतील तर त्या माणसांचा विचार करा.

इंद्रायणीकाठ | १० ऑगस्ट, दुपारी २:००

पुढच्या रांगेतले सहा चेहरे स्पष्ट आहेत. त्यातले दोघे अजून दुसऱ्या पाळीत आहेत. आज तीनला येतील, गेटवर थांबून विचारतो.